सुगंधा घाडीचं अकरावं प्रकरण

सुगंधा घाडी कादंबरी लिहिते हे भोईवाड्याच्या कोर्टात चार वर्षं कुणाला कळलं नाही, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहीत होती. स्टेनोच्या हातात शॉर्टहँडची वही आणि पेन्सिल असली की ती काय लिहितेय असं कुणी विचारत नाही. दुपारी दोन ते पावणेतीन सुट्टी. डबा खायला दहा मिनिटं, हात धुवायला दोन. उरलेल्या अर्ध्या तासात दीड पान व्हायचं. शॉर्टहँडचं दीड पान म्हणजे टाईप केल्यावर तीन पानं. शेजारच्या टेबलावरचे भिवा तावडे अधूनमधून चौकशी करायचे.

"काय मॅडम, साहेबांनी जेवणाच्या वेळेलापण डिक्टेशन दिलं काय?"

"उलटतपास आहे," सुगंधा सांगायची.

चिंचपोकळीच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लिहिणं शक्य नव्हतं. पाच वाजता पाणी यायचं, सहाला दोन डबे. नवरा निलेश लोअर परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर, त्याची ड्युटी दर आठवड्याला बदलायची. मुलगी आकांक्षा माळ्यावर लॅपटॉप लावून ऑफिसच्या मीटिंगा करायची, तेव्हा खाली कुकरची शिट्टीसुद्धा जपून होऊ द्यावी लागे. सुगंधा साडेनऊला घर सोडायची आणि लालबागमधून चालत कोर्टात जायची. या चालण्यात वाक्यं जुळवायची तिला सवय लागली. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला सुचलेलं वाक्य कोर्टाच्या फाटकापर्यंत डोक्यात टिकलं, तर ते वहीत जायचं. वाटेत सांडलं तर ते त्याच लायकीचं होतं असं ती धरून चालायची. गणपतीच्या दहा दिवसांत त्या रस्त्याने नीट चालता यायचं नाही, त्यामुळे दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास कादंबरी अडायची.

सुरुवात तिने तीनदा केली. पहिल्यांदा ‘कुंदा नावाची एक बाई होती’ अशा तऱ्हेने चाळीस पानं लिहिली. कुंदा लुळ्या पडलेल्या सासूचं सगळं करते, घरात शिवणाचा क्लास चालवते, कुणाला काही बोलत नाही. चाळीस पानांनंतर सुगंधाच्या लक्षात आलं की कुंदा तिच्याशीही काही बोलत नाही. दुसरी सुरुवात पंचवीस पानांवर बसली. मग तिने कोर्टात रोज करायची तीच गोष्ट केली. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, तो ‘मी’ म्हणून सांगतो, आणि स्टेनो ‘मी’ म्हणूनच उतरवून घेते. तिने कुंदाला ‘मी’ म्हणायला लावलं. त्या दिवसापासून कुंदा बोलू लागली ती थांबेचना. पात्रांना नावं सुचेपर्यंत सुगंधाने नंबर दिले. कुंदा साक्षीदार क्रमांक एक, सासू क्रमांक दोन. सासूला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही.

अकरा वह्या भरल्या. त्या टाईप करायला वेळ नव्हता आणि शॉर्टहँड दुसऱ्याला वाचता येत नाही. वीस-पंचवीस वर्षं लिहिणाऱ्या प्रत्येक स्टेनोच्या खुणा तिच्या हाताप्रमाणे बदललेल्या असतात. सुगंधाच्या खुणा वाचू शकणारं माणूस एकच होतं, मनू तांडेल.

मनू कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. दोघी एकोणनव्वद साली दादरला गुणाजी मास्तरांच्या क्लासात एका बाकावर बसायच्या. मास्तरांच्या नाकाखाली एकमेकींना शॉर्टहँडमधून चिठ्ठ्या लिहायच्या आणि त्या चिठ्ठ्यांसाठी दोघींनी काही खुणा स्वतःच्या बनवल्या होत्या. पुढे दोघींना कोर्टात नोकरी लागली, मनूला दुसऱ्या कोर्टात. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे मनूने लवकर निवृत्ती घेतली, आणि घरी बसून कंटाळल्यावर स्वतःच म्हणाली, "दे गो तुझ्या वह्या. हात चालू राहतील माझे."

सुगंधाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं की मी कादंबरी लिहितेय. मनू हसली नव्हती.

पद्धत ठरून गेली. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी. त्या दिवशी दादरच्या एका उडप्याकडे दोघी भेटायच्या. सुगंधा नवी वही द्यायची, मनू जुनी परत आणायची, सोबत टाईप केलेलं प्रकरण. टाईप झालेल्या प्रत्येक पानावर मनूने तिरकी रेघ मारलेली असायची. तशी रेघ मारलेल्या पानाकडे पुन्हा बघायचं नसतं, ही स्टेनोची सवय. मग सुगंधा छापील पानांवर लाल पेन्सिलीने काम करायची. विशेषणं काढायची, परिच्छेद उलटेपालटे करायची, संवादांतलं अर्धं बोलणं उडवायची. साहेबांनी सांगितलेल्या निकालपत्रात विशेषण क्वचित असतं आणि तरी माणूस तुरुंगात जातो, असं ती मनूला म्हणाली होती. पानं मनूकडे परत जायची, दुरुस्त होऊन यायची. काही प्रकरणं पाच-पाच वेळा फिरली.

एक प्रकरण तेवढं फिरलं नाही. अकरावं. ते आलं त्याच आठवड्यात आकांक्षाचा साखरपुडा होता. पण खरं कारण ते नव्हतं. ते प्रकरण सुगंधाने दोन दिवसांत, जवळजवळ खाडाखोड न करता लिहिलं होतं. याला पुन्हा हात लावला तर आपण ते बिघडवू, असं तिला वाटलं. ते पहिल्या हाताचं राहू द्यायचं असं तिने ठरवलं आणि न वाचताच गठ्ठ्यात ठेवलं. सगळी प्रकरणं झाल्यावर एका रविवारी तिने अकराही वह्या फाडून रद्दीत दिल्या. सगळ्या पानांवर तिरक्या रेघा होत्या.

मनूने फाईल ईमेलने गिरगावातल्या शामराव पत्की नावाच्या प्रकाशकांकडे पाठवली. दोन महिन्यांनी शामरावांचा फोन आला आणि जानेवारीतल्या चौथ्या शनिवारी सुगंधा ठाकूरद्वारजवळ त्यांच्या ऑफिसचा लाकडी जिना चढून गेली.

शामराव सत्तरीचे. त्यांनी चहा मागवला आणि सरळ विषयाला हात घातला. "सुगंधाताई, खरं सांगतो, दहा प्रकरणांपर्यंत मी कुंपणावर होतो. अकराव्याने मला आत ओढलं."

सुगंधाला आनंद लपवता येत नसे, म्हणून ती खाली बघत राहिली.

"तो कप हातातून पडतो," शामराव म्हणाले, "चहा पायावर सांडतो, आणि ही बाई भाजलेल्या पायाने फोनकडे धावते. सासूबद्दल मनात इतकं विष, आणि तरी धावते! तिथे मला कुंदा कळली. बाईमाणसाचं अगदी बरोबर टिपलंय तुम्ही."

सुगंधाला वाटलं, म्हातारे दुसऱ्याच कुणाच्या कादंबरीबद्दल बोलताहेत.

"कुठला कप?" तिने विचारलं.

शामरावांना ती गंमत वाटली. सुगंधाने पानं मागितली आणि उभ्यानेच वाचली. पहिली दोन पानं तिची होती. कुंदा सकाळी चहा ठेवते, कॉटवर सासूला दुसरा झटका येतो, घरघर सुरू होते. तिसऱ्या पानापासून तिचं काही नव्हतं. कप पडत होता, पाय भाजत होता, कुंदा ‘आई, आई’ म्हणत धावत होती, पहिल्याच मिनिटाला फोन लागत होता. वाक्यं सुगंधाच्या धाटणीची होती. जिथे तिने स्वल्पविराम दिला असता तिथे स्वल्पविराम होता. कुणालाही जोड दिसला नसता.

सुगंधाच्या वहीत कुंदा धावली नव्हती. वहीत कुंदाने चहा गाळला होता, बसून प्यायला होता, कप विसळला होता आणि मग फोन केला होता. पुढची सगळी प्रकरणं त्या प्यायलेल्या चहावर उभी होती. तो नसेल तर कुंदा रोज सकाळी का दचकते, शिवणाचा क्लास का बंद करते, याला कारणच उरत नव्हतं.

"एकदा बघून देते," ती म्हणाली.

"पुढच्या शनिवारपर्यंत. मग मजकूर प्रेसला जाणार. आणि या प्रकरणाला हात लावू नका हं," शामराव म्हणाले.

तिने कफ परेडची बस पकडली.

मच्छीमार नगरात ऊन होतं आणि बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले होते. मनू भावाच्या घराच्या ओट्यावर बसून सुपात जवळा निवडत होती. शेजारी तिची भाची प्राची मोबाईल बघत बसली होती.

"आली गो लेखिका!" मनू ओरडली. "बस. सरबत असंच घेणार, की आता आमंत्रणपत्रिका लागते?"

सुगंधा बसली नाही. "अकरावं प्रकरण कुणी लिहिलं?"

मनूने तिच्याकडे पाहिलं आणि मग भाचीकडे. "प्राची, आत जा. टीव्ही बघ जा."

प्राची आत गेली. मनूने पाय लांबवून दार ओढून घेतलं. सुगंधाला ते दार ओढणं नंतर कित्येक दिवस आठवत राहिलं.

"तूच लिहिलंस," मनू हळू आवाजात म्हणाली. "मी जरा सरळ केलं."

"तिने चहा प्यायला होता, मनू."

"माहितेय."

"कप विसळून पालथा घातला होता."

"माहितेय गो. मीच वाचलं ना. जगात दोघींनीच वाचलंय ते, आणि तसंच राहू दे."

"का?"

"का काय? छापून आलं असतं तर? निलेशच्या बहिणी वाचणार. चाळ वाचणार. सगळ्यांना माहितेय तुझी सासू कशी गेली. आठ वर्षं अंथरुणावर, मग एक दिवस सकाळी झटका, घरात तू एकटी. आणि तू काय लिहितेस? मी चहा प्यायले. मी कप विसळला. मी, मी, मी. तीस वर्षं जबान्या टाईप केल्यात मी, सुगंधे. माणूस ‘मी’ म्हणून बोलतो तेव्हा ‘मी’ म्हणजे कोण, ते मला शिकवू नकोस."

सुगंधा आता ओट्यावर बसली.

"तुला वाटलं, मी चहा पीत बसले होते?"

"वाटलं नाही. कळलं." मनूने सूप बाजूला ठेवलं. "आधीपण शंका होती. तू दवाखान्यात नऊ दिवस एक अक्षर बोलली नव्हतीस. मग वही आली. तिसऱ्या पानाला माझे हात चालेनात. उठले, समुद्राकडे जाऊन आले. पण एक सांगू? मला तुझा राग नाही आला. आठ वर्षं तिचं हगणं-मुतणं काढलंस तू. कुणीपण प्यायला असता चहा. मीपण प्यायले असते. मी तेव्हाच तुला माफ करून टाकलं."

खरी गोष्ट लांबलचक नव्हती. त्या सकाळी घरघर ऐकल्यावर सुगंधाने पातेलं गॅसवर तसंच टाकून एकशे आठला फोन लावला होता, लगेच. मग गॅलरीत ओरडली होती. चाळीतल्या चौघांनी खुर्चीतून सासूला खाली नेलं होतं. बाई दवाखान्यात नवव्या दिवशी गेली. पहिल्या रात्रीचं जागरण करून सुगंधा घरी आली तेव्हा कुणीतरी गॅस बंद केला होता, पण चहा आटून पातेलं करपलं होतं. ते घासताना तिच्या मनात आलं होतं की हा चहा मी प्यायले असते तर? सगळी कादंबरी त्या घासण्यातून निघाली होती.

तिने हे मनूला सांगितलं. पातेल्याचं सांगितलं, ते दोन दिवस भिजत ठेवावं लागलं तेही. बोलता बोलता तिला स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. तो पिंजऱ्यातल्या माणसासारखा होता. नको तितके तपशील देणारा.

"बरं बाई," मनू म्हणाली. तिने सुगंधाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "करपलं पातेलं. नाही प्यायलीस."

पस्तीस वर्षांत मनूने कधी तिची समजूत काढली नव्हती. चिडवलं होतं, शिव्या दिल्या होत्या, एकदा उडप्याकडे सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं होतं. समजूत काढली ती आज.

"मूळ मजकूर तुझ्याकडे आहे?" सुगंधाने विचारलं.

"मी टाईपच केलं नाही ना ते. वही तुला परत दिली होती."

"वही मी फाडली."

"मग झालं तर," मनू म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

रविवारी सकाळी निलेश ड्युटीचे बूट पुसत बसला होता. सुगंधाने त्याला सगळं सांगितलं. कादंबरीत सासू आहे हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने ती वाचली नव्हती. तो मनूवर चिडेल असं तिला वाटलं. तो चिडावा अशी तिची इच्छा होती.

"तिने काही वाईट नाही केलं," निलेश म्हणाला. "तिचंच राहू दे. कशाला उगाच."

"उगाच म्हणजे?"

"लोकांना विषय मिळतो."

"अहो, ती कुंदा आहे. मी फोन लगेच केला होता. तुम्हाला माहितेय ना?"

निलेशने दुसरा बूट घेतला. त्याला ब्रश मारला, फडकं मारलं, उजेडात धरून पाहिलं. "मी कुठे होतो घरी?" तो म्हणाला. "सहा वर्षं मी काही विचारलं का तुला? नाही ना? मग."

तो बूट घालून गेला. माळ्यावरून आकांक्षाने विचारलं, "आई, काय झालं?" सुगंधाने सांगितलं, काही नाही, पोहे झालेत, खाली ये.

सोमवारी दुपारी ती नवी वही घेऊन बसली. आपलंच प्रकरण आहे, पुन्हा लिहू, इतकं साधं तिला वाटलं होतं. सोमवारच्या खर्ड्यात कुंदाला आदल्या रात्रीपासून ताप होता. मंगळवारच्या खर्ड्यात ताप नव्हता, पण फोनला रेंज नव्हती. बुधवारी कुंदाला घरघर ऐकूच गेली नाही, बाहेर बँड वाजत होता. तिन्ही वेळा चहा प्यायला गेला, पण प्रत्येक वेळी त्याला एक सबब चिकटली. बुधवारी तिन्ही खर्डे शेजारी ठेवून वाचल्यावर सुगंधाला दिसलं की ती कादंबरी लिहीत नाहीये, वकील लावल्यासारखी बचाव करतेय. कुंदाचासुद्धा नव्हे, स्वतःचा. आधी ती लिहायची तेव्हा वाचणारं कुणी डोळ्यांसमोर नसायचं. आता मनू होती, निलेश होता, नणंदा रांगेने बसल्या होत्या.

"मॅडम, उलटतपास लांबला वाटतं," भिवा तावडे म्हणाले.

"साक्षीदार फुटला," सुगंधा म्हणाली. भिवा मोठ्याने हसले.

गुरुवारी तिने वही उघडलीच नाही. संध्याकाळी सहाला कोर्ट रिकामं झालं, ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. ज्याने ते प्रकरण मोडलं होतं, त्याच माणसाने ते जगात एकट्याने वाचलं होतं. आणि त्या माणसाची स्मरणशक्ती तिला माहीत होती. गुणाजी मास्तरांच्या परीक्षेत मनूची पेन्सिल मोडली होती तेव्हा तिने अख्खा उतारा डोक्यात धरून नंतर लिहून काढला होता आणि पहिली आली होती.

तिने फोन लावला.

"अकराव्यातला माझा मजकूर आठवतोय तुला?"

पलीकडून मनू म्हणाली, "असलं काही विसरता येतं का?"

"मग सांग. मी घेते."

"सुगंधे, ऐक माझं—"

"तिसऱ्या पानापासून. सांग."

मनूने घसा साफ केला. मग ती सपाट आवाजात, परीक्षेच्या वेगाने सांगू लागली. सुगंधाने मोबाईल खांद्याला दाबून धरला आणि पेन्सिल चालू झाली.

"‘चहाला उकळी आली होती. मी आधी गॅस बंद केला. मग गाळणं शोधलं. गाळणं खिळ्याला नव्हतं, मोरीत पडलं होतं, ते धुतलं. कॉटवरून आवाज येत होता, जात्यासारखा. मी चहा गाळला. साखर अर्धा चमचा जास्त घातली, कारण ओरडायला कुणी नव्हतं.’ नवीन परिच्छेद. ‘बसून प्यायले. कप विसळला, पालथा घातला. मग फोन केला.’"

एक शब्द हललेला नव्हता. तिला तिचं प्रकरण परत मिळत होतं, तेही अशा माणसाच्या तोंडून, जे त्यातला प्रत्येक शब्द खरा घडलेला समजून पाठ करून बसलं होतं.

"‘मग मला रडू आलं,’" मनू म्हणाली. "पूर्णविराम. संपलं."

पेन्सिल थांबली.

"हे नव्हतं," सुगंधा म्हणाली.

"होतं. शेवटची ओळ."

"नव्हतं, मनू."

"मला तर तसंच आठवतंय."

सुगंधाकडे पुरावा नव्हता. पण तो दिवस तिला आठवत होता. ‘मग फोन केला’ इथे ती आली होती आणि शिपायाने साहेब बसल्याची वर्दी दिली होती. तिने वही मिटली होती. दुसऱ्या दिवशी पुढे काही घालावंसं वाटलं नव्हतं. कुंदा रडली नव्हती. ती रडावी अशी गरज मनूला होती. इतकं सगळं करून झाल्यावर निदान रडली तरी असेल, म्हणजे माफ करायला बरं.

"लिहिलंस?" मनूने विचारलं.

"लिहिलं," सुगंधा म्हणाली आणि फोन ठेवला. पानावर ती ओळ नव्हती. मनूशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती.

शुक्रवारी संध्याकाळी आकांक्षाच्या लॅपटॉपवर तिने प्रकरण स्वतः टाईप केलं. निलेश घरी होता. तो टीव्ही बघत होता आणि मधूनच तिच्याकडे बघत होता. प्रिंट काढून आणल्यावर तिने पानं त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली नाहीत. जेवणाची ताटं मांडताना तिने ती परत पिशवीत घातली.

शनिवारी ती रजा टाकून गिरगावात गेली आणि शामरावांनी तिच्यासमोरच पानं वाचली. वाचून झाल्यावर पहिल्या पानावर परत गेले. मग चष्मा काढला.

"हे मनूताईंचं टायपिंग नाही."

"माझं आहे. मजकूरही माझा. आधीचा नव्हता."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "वाचक या बाईला माफ करणार नाहीत, ताई."

"नको करू देत."

"पुस्तक कमी खपेल."

"खपू दे."

शामरावांनी पुन्हा ते शेवटचं पान उचललं. मग तिच्याकडे पाहिलं. नजर जरा जास्त वेळ तिच्यावर राहिली. "सुगंधाताई, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा."

त्यांनी पान खाली ठेवलं, गठ्ठा सरळ केला, वर पेपरवेट ठेवला. "प्रुफं कुणाकडे पाठवू? मनूताईंकडेच?"

"नाही. माझ्याकडे," सुगंधा म्हणाली. "तिला छापलेलंच वाचू दे."